तो शब्द कोणी म्हणायचा आणि कोणी नाही? बडोद्यातल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रतापगंजात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. विद्यापीठ जवळ, म्हणून त्या आम्ही विद्यार्थ्यांना भाड्याने देतो. मणिपूरच्या मुली राहून गेल्या, आता टांझानियाचा एक मुलगा राहतो. गेल्या अनंत चतुर्दशीला सोसायटीच्या मिरवणुकीत टेम्पोवर कुणीतरी एक अमेरिकी रॅप गाणं लावलं. आमचीच पोरं, पंधरा-सोळा वर्षांची, गुलालात माखून एकेक ओळ तोंडपाठ म्हणत होती आणि दर कडव्यात तो एक शब्द घसा ताणून ओरडत होती. आमचा भाडेकरू त्यांच्यातच होता, झांजा वाजवत. तो मिरवणूक सोडून गेला नाही, पण त्याच्या झांजा थांबल्या. दोन्ही हातांत तशाच धरून तो शेवटपर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरांशी बोलले. तेव्हापासून त्यांचे आईवडील, भगिनी मंडळातल्या मैत्रिणी, नातेवाईक मला जे विचारत आले आहेत ते इथे एकत्र लिहिते आहे.

नेमका कोणता शब्द?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना उद्देशून वापरला गेलेला, 'न'ने सुरू होणारा शब्द. इंग्रजी बोलणारेही तो टाळायचा म्हणून 'एन-वर्ड' म्हणतात. मुळात लॅटिनमधलं 'काळा' या अर्थाचं साधं विशेषण, स्पॅनिश-पोर्तुगीज भाषांतून इंग्रजीत आलं. पण तो शब्द मोठा झाला मळ्यांवर, माणसं विकत घेणाऱ्या मालकांच्या तोंडात. १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन अमेरिकेतली गुलामगिरी संपली, शब्द मात्र राहिला. त्यानंतरही कित्येक वर्षं जमाव माणसाला झाडाला टांगायचे तेव्हा हाच शब्द त्यांच्या तोंडी असायचा.

मी तो इथे पूर्ण लिहिलेला नाही. कोणता शब्द ते तुम्हाला कळलं, तेवढं पुरे.

हा इतिहास आपल्याला परका आहे असं मात्र समजू नका. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या माणसांना अर्पण करून. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची विचारपूस केली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून.

ते स्वतः एकमेकांना म्हणतात. मग आपण म्हटलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो. याचं उत्तर मी 'घाटी' या शब्दाने देते.

माझे मामा मुंबईत कारकून होते. मी दहा-अकरा वर्षांची असताना सुट्टीत त्यांच्याकडे गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर सगळे अंगत-पंगत बसलेले, मामा चहा बशीत ओतून फुरका मारत म्हणाले, "आपण घाटी माणसं, कपाने आपलं भागत नाही." सगळं घर हसलं, मीसुद्धा. दुसऱ्या दिवशी मामांबरोबर एका मोठ्या इमारतीत कुणाकडे तरी कागद द्यायला गेले. लिफ्टमध्ये आधीच उभ्या असलेल्या बाई रखवालदाराला म्हणाल्या, "ए, त्या घाट्याला सांग, जिन्याने जा." मामांना ऐकू गेलं. सहा मजले आम्ही जिन्याने चढलो. मामा मधे एकदाही थांबले नाहीत आणि घरी आल्यावर त्यांनी मामीला यातलं काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

एकच शब्द, एकच माणूस, मधे एक रात्र. आदल्या दिवशी तो शब्द म्हणणारा आणि ऐकणारे एकाच पंगतीत होते. ज्याच्यावर तो शब्द पडतो त्यानेच तो उचलला होता, म्हणून त्यातलं विष उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणणाऱ्याच्या हातात लिफ्टचं बटण होतं आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला जिना. शब्दाचा अर्थ कोशात असतो तेवढाच नसतो. तो कोणी कोणाला म्हटला आणि त्या दोघांमध्ये आधी काय घडलेलं आहे, यावर तो ठरतो.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ती न सांगणं खोटेपणाचं होईल. 'घाटी'ची आणि त्या शब्दाची तुलना फक्त समजण्यापुरती आहे. घाटी म्हणून आपल्याला कुणी बाजारात उभं करून विकलं नाही. आपल्या घाटीचा डंख सहा मजल्यांचा होता, त्यांचा दोन-अडीचशे वर्षांच्या गुलामीचा आहे.

म्हणजे कृष्णवर्णीयांना सगळ्यांना तो शब्द चालतो?

नाही, त्यांच्यातच मोठे मतभेद आहेत. तरुणांच्या बोलण्यात आणि गाण्यांत शब्दाचा शेवट बदलून, 'अर'च्या जागी 'अ' करून, तो मित्राला हाक मारावी तसा येतो. त्याच वेळी एनएएसीपी या त्यांच्या जुन्या संघटनेने जुलै २००७ मध्ये डेट्रॉइट शहरात त्या शब्दाची चक्क अंत्ययात्रा काढली, शवपेटीसकट. विनोदवीर रिचर्ड प्रायर आपल्या कार्यक्रमांत तो शब्द सर्रास वापरायचे. १९७९ साली ते केनियाला गेले, तिथून परतले आणि तो शब्द पुन्हा न वापरण्याचं त्यांनी ठरवलं. ज्यांचा हक्क होता त्यांनीच तो सोडला. हा वाद त्यांचा आहे आणि त्यांच्या घरातला आहे. त्यात बाहेरच्याने "मग मी म्हटलं तर?" असं विचारत मधे बसायचं कारण नाही.

गाण्यातच आहे. गाणं म्हणताना काय करायचं?

तेवढा शब्द गाळायचा. ताल चुकत नाही, आमच्या पोरांनी करून पाहिलं आहे.

मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका जलशात केंड्रिक लमार या रॅपरने एका गोऱ्या चाहतीला मंचावर बोलावून आपलंच गाणं गायला दिलं. तिने तो शब्द गाळला नाही, तेव्हा त्याने गाणं मधेच थांबवलं. गाणं त्याचं, बोलावणं त्याचं, तरी तो शब्द तिच्या तोंडून त्याला नको होता. ज्यांना वाटतं की गाण्यात असला की शब्द सगळ्यांचा झाला, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

मला माझ्या मित्राने परवानगी दिली आहे. मग?

कॉलेजची मुलं हे हमखास सांगतात. मित्राने खरंच दिली असेल, तर ती तुमच्या दोघांपुरती. तो संपूर्ण समाजाच्या वतीने सही करून देऊ शकत नाही. शेजारच्या टेबलावर बसलेल्या त्याच रंगाच्या दुसऱ्या मुलाला तुमची मैत्री माहीत नसते, त्याला फक्त शब्द ऐकू येतो.

शिवाय परक्या गावात, परक्या भाषेत, दहाजणांच्या टोळक्यात एकट्या मुलाने हसून "चालेल" म्हटलं, तर त्यातलं किती मनापासून आणि किती नाइलाजाने, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. आमचा भाडेकरूही त्या दिवशी हसलाच होता म्हणे. मी त्याच्या झांजा पाहत होते.

पण आपल्याकडचे विद्यार्थी आफ्रिकेतले आहेत, अमेरिकेतले नाहीत. त्यांना त्या शब्दाचं काय?

बरोबर विचारलंत. मी हेच त्याला विचारलं. तो म्हणाला की त्या शब्दाने त्याला वाईट वाटतं, पण त्याच्या आजोबांची आठवण त्या शब्दाला चिकटलेली नाही. त्याच्या काळजाला लागतं ते इथलं, रोजचं. रिक्षावाल्याचं 'ए काल्या', शाळकरी मुलांचं 'हबशी, हबशी' करत मागे धावणं, भाजीवालीने त्याच्या हाताला बोट लावून रंग निघतो का ते बघणं.

म्हणून अमेरिकेचा शब्द शिकून घेऊन आपला सोडून देणं उपयोगाचं नाही. आपला शब्द 'हबशी', आणि त्याची गोष्ट मराठी माणसाने तरी विसरू नये. हबश म्हणजे आजच्या इथिओपियाचा प्रदेश, तिथला तो हबशी. मुळात यात शिवी कुठेच नाही. मलिक अंबर हबशी होता. गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीचं नाव आजही इतिहासाच्या पुस्तकात आहे. जंजिऱ्याचे सिद्दी, म्हणजे इथेच स्थिरावलेले आफ्रिकी वंशाचे लोक, तर कोकणच्या माणसाला सांगायला नकोत.

बडोद्याहून भरूचकडे जा. झगडिया तालुक्यात रतनपोरला बाबा गोरचा दर्गा आहे, जवळच अकीकाच्या खाणी आहेत आणि सिद्द्यांची वस्ती आहे. ही माणसं शेकडो वर्षं गुजरातची आहेत, गुजराती बोलतात. जुनागढजवळच्या जांबूर गावच्या हीराबाई लोबी याच सिद्दी समाजातल्या, बायकांना आणि मुलांना उभं करण्याच्या कामासाठी त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. इतकं जवळचं नातं असताना तो शब्द शिवी झाला, कारण आपण तो रंग हिणवायला वापरला. इतिहास शिकवताना 'हबशी सरदार' म्हणा, त्यात गैर नाही. रस्त्यावर माणसाच्या पाठीमागे ओरडाल तर ती शिवीच.

'काळू', 'काल्या' तर आपण घरात लाडाने म्हणतो.

घरात म्हणा. तिथेही ज्याला म्हणता त्याला एकदा विचारा, मी असे बरेच 'काळू' पाहिले आहेत ज्यांना ते कधीच आवडलं नाही.

वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी हैदराबादच्या संघाकडून आयपीएल खेळायचा, तेव्हा त्याला 'काळू' म्हणत. त्याला वाटायचं काहीतरी ताकदीचा अर्थ आहे. जून २०२० मध्ये त्याला खरा अर्थ कळला आणि तो जाहीरपणे बोलला. पुढे त्या वेळच्या एका सहकाऱ्याशी बोलणं झाल्यावर, तो शब्द प्रेमाने वापरला होता हे आपल्याला पटलं, असंही त्यानेच सांगितलं. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की पटलं की नाही हे सॅमीने ठरवलं, म्हणणाऱ्याने नाही.

आपल्या बडोद्यात असं काही होत नाही, आपलं शहर संस्कारी आहे.

११ ऑक्टोबर २००७. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स बडोद्याच्या मैदानावर खेळत असताना प्रेक्षकांतल्या काही जणांनी त्याच्याकडे बघून माकडाचे आवाज काढले. शब्द एकही नव्हता, तरी अर्थ साऱ्या जगाला कळला. सहा दिवसांनी मुंबईत पुन्हा तेच झालं. जानेवारी २००८ मध्ये सिडनीत हरभजन सिंगवर सायमंड्सला 'माकड' म्हटल्याचा आरोप झाला. तीन कसोटींची बंदी अपिलात उठली, वंशद्वेषी बोलल्याचा आरोप सिद्ध झाला नाही. तेव्हा आपल्याकडे चर्चा त्या अपिलाची झाली, आपल्या मैदानाची फारशी झाली नाही. मला त्याची आजही लाज वाटते.

आणि त्याच्याही आधीचं एक. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत. राहायला जागा मिळेना, पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या लोकांनी शिव्यागाळ करत बाहेर काढलं. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. आपण संध्याकाळी फिरायला जातो ती हीच बाग.

'निग्रो' चालतं का? जुन्या मराठी पुस्तकांत तर तोच शब्द आहे.

त्या काळात तो सभ्य शब्द होता, त्यांचे नेतेही स्वतःला तेच म्हणवत. आज जुना आणि खटकणारा झाला आहे. अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०१३ मध्ये तो सोडला, २०१६ मध्ये तिथल्या कायद्यांतूनही काढला गेला. जुनं पुस्तक वाचताना जसं आहे तसं वाचा, स्वतः लिहिताना 'कृष्णवर्णीय' किंवा 'आफ्रिकी-अमेरिकी' लिहा.

आणि 'चिंकी'?

नाही. ही शिवीच आहे, तिला दुसरी बाजू नाही. ईशान्येकडची व्यक्ती अनुसूचित जमातीची असेल तर तिला असं हिणवणाऱ्यावर अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवा, असं केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये राज्यांना कळवलं होतं. तरी जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलच्या निडो तानियाचा दिल्लीत जीव गेला. सुरुवात त्याच्या केसांची टिंगल करण्यापासून झाली होती. आमच्या वरच्या मणिपुरी मुली फतेगंजात जाताना दोघी-दोघींनीच जायच्या, ते का, हे मला दोन वर्षांनी कळलं.

वंश वेगळा, जात वेगळी. तुम्ही दोन्ही का एकत्र करता?

वेगळे आहेत हे खरं. पण शब्दाचं काम एकच आहे, माणसाला जन्मावरून खाली ढकलणं. आणि मराठीत असे शब्द इतके मुरले आहेत की ते आपल्याला दिसतही नाहीत.

पुण्याची नातेवाईक मंडळी आमच्या बडोद्याच्या मराठीला काय म्हणतात? 'धेडगुजरी'. मी स्वतः शिक्षिका असताना हा शब्द मुलांच्या निबंधांवर लाल शाईने लिहिलेला आहे. एकदा एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, यात आमची जात आहे." मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ज्या नावाने गुजरातेत तिच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या हाकललं, तेच या शब्दाच्या सुरुवातीला बसलं आहे आणि आपण त्याचा अर्थ 'भेसळ, अशुद्ध' असा करतो. मी तिच्या वहीतला शब्द खोडून 'सरमिसळ भाषा' असं लिहिलं, पण लाल शाई खालून दिसतच राहिली. 'चांभारचौकशा' हाही त्यातलाच. नसत्या चौकशा म्हणा ना, अर्थ तसूभरही कमी होत नाही.

जातीचं नाव हे कायदेशीर नाव आहे, दाखल्यावर असतं, मग म्हटलं तर काय, असंही विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या स्वर्णसिंग प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे. जातीचं नाव अपमान करण्याच्या हेतूने, चारचौघांत वापरलं तर तो गुन्हा. दाखल्यावर लिहिलेलं नाव आणि तोंडावर फेकलेलं नाव यांतला फरक कोर्टाने ओळखला.

लेखकाने, शिक्षकाने, वकिलाने काय करायचं? शब्दच न उच्चारता शिकवायचं कसं?

शब्द वापरणं आणि शब्दाविषयी बोलणं या दोन गोष्टी आहेत. फिर्यादीत काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहावंच लागतं, नाहीतर न्यायालयापुढे काय जाणार? मीही वर 'धेडगुजरी' लिहिलं, कारण त्याशिवाय मुद्दा कळला नसता. पण प्रत्येक वेळी विचारायचं, पूर्ण उच्चारल्याने काही कळणार आहे का? जून २०१८ मध्ये नेटफ्लिक्सच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याची नोकरी गेली, ती कुणाला शिवी दिल्याने नव्हे. अपमानकारक शब्दांवरच्याच बैठकीत त्याने एन-वर्ड पूर्ण उच्चारला होता. 'चर्चेसाठी म्हटलं' ही ढाल पुरली नाही.

ज्याच्यावर शब्द फेकला गेला त्या लेखकाची गोष्ट मात्र वेगळी. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मचरित्राचं नाव 'उचल्या' ठेवलं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांतल्या घरात ते जन्मले. तो शिक्का त्यांनी स्वतः उचलून मुखपृष्ठावर ठेवला. तो त्यांचा हक्क. ते पुस्तक वाचून शेजारच्या पोराला तशी हाक मारायचा परवाना आपल्याला मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. कलम ३(१) मधल्या 'आर' आणि 'एस' या पोटकलमांनुसार लोकांच्या नजरेसमोर जाणूनबुजून अपमान करणं किंवा जातिवाचक शिवीगाळ करणं हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. एक बारकावा पाहा. हा गुन्हा लागतो तो अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या व्यक्तीला. म्हणजे 'तोच शब्द, पण कोणाच्या तोंडी?' हा प्रश्न कायद्यानेही धरला आहे.

परदेशी विद्यार्थ्याला हा कायदा लागू होत नाही. त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेतलं कलम ३५२ आहे, शांतताभंग होईल अशा तऱ्हेने मुद्दाम केलेला अपमान. वंशावरून गटागटांत वैर पसरवलं तर कलम १९६. पोलीस चौकीत जाताना त्याच्याबरोबर भाषा येणारं कुणीतरी जा. एकटा गेला तर त्याचं म्हणणं लिहून घ्यायलाच वेळ जातो.

आमच्या आजी पंच्याऐंशीच्या आहेत, त्यांना काय सांगणार?

सांगा. आमच्या सासूबाई 'वरचा हबशी' म्हणायच्या, मनात काही नसताना. मी वाद घातला नाही, त्याचं नाव शिकवलं. पहिले दोन महिने चुकीचं म्हणाल्या, आता दूधवाल्यालाही त्याच नावाने सांगतात की अर्धा लिटर वर दे.

चुकून तोंडातून गेला तर?

लगेच माफी मागायची, थोडक्यात. "माझ्या मनात तसं नव्हतं" हे लांबण लावायचं नाही, कारण मग समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं.

मिरवणुकीतली पोरं तिसऱ्या दिवशी जिना चढून वर गेली. चौघं होती. त्यांच्या हातात काही नव्हतं, ना मिठाई ना फूल, मीच सांगितलं होतं की काही नेऊ नका. दार उघडल्यावर सगळ्यांत धाकटा म्हणाला, "सॉरी, वी डिडन्ट नो." थोरल्याने त्याला मधेच थांबवलं आणि म्हणाला, "वी न्यू." आमच्या भाडेकरूने दोघा-तिघांकडे पाहिलं, मग तो दारातून बाजूला झाला आणि त्यांना आत घेतलं. खाली मला पंखा सुरू केल्याचा आवाज आला.